लेकराला घेऊन शिकलेली आई : पंडिता रमाबाई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण चरित्र वाचायचे ते नुसते हात जोडण्यासाठी नव्हे. आपल्या घरातल्या एखाद्या अडचणीवर त्यातून उजेड पडतो का, हेही पाहावे. म्हणून यंदा एका थोर बाईच्या आयुष्यातला एकच पदर जरा उलगडून पाहण्याचा विचार आहे.

आज आपल्या नागपुरात घरोघरी एक प्रश्न दिसतो. लेक किंवा सून मेडिकलला नाहीतर मेयोला शिकत असते, कोणी परिचारिकेचे शिक्षण घेत असते, कोणी एखाद्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करीत असते, कोणी हिशेबतपासनिसाच्या परीक्षेला बसलेली असते. वय पंचविशीच्या आसपास. धंद्याचे खरे शिक्षण व्हायचे ते याच वर्षांत, आणि लग्न, दिवस राहणे, बाळंतपण हेही याच वर्षांत. एकीकडे रात्रपाळी आणि परीक्षा, दुसरीकडे डोहाळे आणि अंगावर पिणारे मूल. घरातली वडीलधारी माणसे सल्ला देतात तो दोन तऱ्हेचा. काही म्हणतात, आधी शिक्षण पुरे होऊ दे, मूल मागाहून. काही म्हणतात, आता मूल झाले, शिक्षण पुरे झाले. या दोन्ही सल्ल्यांच्या मध्ये ती मुलगी उभी असते, आणि तिसरी वाट तिला कोणी दाखवत नाही.

ही अडचण आजकालची, मुली कॉलेजात जाऊ लागल्या तेव्हापासूनची, असे आपण समजतो. परंतु पंडिता रमाबाईंनी दोन वर्षांची लेक बरोबर घेऊन विद्येसाठी आगबोटीत पाऊल टाकले ते १८८३ साली. त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर, त्यांचे मुक्तिसदन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रमाबाई या एक शिकणारी आई होत्या, या बाजूने मात्र आपण त्यांच्याकडे क्वचितच पाहतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे, सह्याद्रीच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न ब्राह्मण. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानणाऱ्या काळात त्यांनी आपल्या तरुण पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्याबद्दल शास्त्रीमंडळींना जाब द्यावा लागला, पण त्यांनी माघार घेतली नाही. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून डोंगराखाली उतरवले होते. तेव्हापासून त्यांचे सारे बालपण रस्त्यावर, देवळांच्या ओवऱ्यांत आणि धर्मशाळांत गेले.

वडील आता म्हातारे झाले होते, म्हणून रमेला शिकवण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. दिवसभर त्यांना स्वयंपाक, पाणी, आल्यागेल्याचे पाहणे. सवड मिळे ती उजाडण्यापूर्वीच. पहाटे त्या लेकीला हलक्या हाताने उठवीत, झोपेने पेंगणाऱ्या पोरीला पोटाशी धरीत आणि श्लोक म्हणून घेत. पाटी नाही, शाळा नाही, आईची मांडी हीच शाळा. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते असे. संसार आणि विद्या यांचा मेळ कसा घालावा याचा पहिला धडा रमाबाईंनी आईच्या कुशीतच घेतला, असे म्हणायला हरकत नाही. म्हणूनच पुढे अमेरिकेत प्रसिद्ध झालेला आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केला.

दुष्काळात १८७४ साली आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी जून महिन्यात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी, प्रांत निराळा. दोघे आसामात सिल्चर येथे राहू लागले. बालविधवांसाठी एक शाळा काढावी असा विचार तेथेच दोघांच्या मनात घोळत होता.

१६ एप्रिल १८८१ रोजी त्यांना कन्या झाली. तिचे नाव मनोरमा ठेवले. सुखाचे दिवस मात्र थोडेच होते. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावींचे पटकीने निधन झाले. दोन वर्षेही संसार झाला नव्हता. वय चोवीसही पूर्ण नाही, पदरात दहा महिन्यांचे मूल, माहेर संपलेले, सासरचा आधार नाही. त्या काळच्या विधवेपुढे कोपऱ्यात बसणे एवढाच मार्ग असे. रमाबाईंनी लेकीला उचलले आणि त्याच वर्षी पुण्याची वाट धरली.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे, भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १ जून १८८२ रोजी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आज आपण ज्याला महिला मंडळ म्हणतो, त्याचे हे आपल्याकडचे अगदी आरंभीचे रूप. त्याच उन्हाळ्यात स्त्रीधर्मनीति हे त्यांचे मराठी पुस्तक निघाले. घरोघरी जाऊन त्या पुराण सांगत, बायकांना जमवीत, आणि उरलेल्या वेळात मिस हर्फर्ड नावाच्या बाईंकडे इंग्रजी शिकत. हे सारे एक वर्षाचे मूल सांभाळून. रमाबाई रानडे आणि काशीबाई कानिटकर यांच्यासारख्या स्त्रिया त्यांच्याभोवती जमल्या. त्याचबरोबर, ही नवऱ्यामागे देशोदेशी हिंडणारी बाई आपल्या सुनांना बिघडवील, असे म्हणणाऱ्या बायकाही पुण्यात काही थोड्या नव्हत्या.

त्याच साली सरकारने नेमलेले हंटर कमिशन शिक्षणाची चौकशी करीत पुण्यास आले. रमाबाईंनी त्यापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका आणि स्त्री तपासनीस हव्यात, आणि हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची अत्यंत गरज आहे, असे त्यांनी सांगितले. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज म्हणून कितीतरी बायका बाळंतपणात आणि साध्या दुखण्यातही प्राणाला मुकत. स्त्री डॉक्टरांची ही मागणी पुढे अनेक बाजूंनी होऊ लागली. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि गावोगावी स्त्रियांची रुग्णालये निघाली. आपल्या नागपुरातील डागा रुग्णालयाला जुन्या बायका डफरिन म्हणत असत, ते नाव तेव्हापासूनचे.

दुसऱ्याने डॉक्टर व्हावे असे सांगून रमाबाई थांबल्या नाहीत. आपणच वैद्यकी शिकावी, असे त्यांनी ठरवले, आणि त्यासाठी विलायतेला जाणे भाग होते. पैसा कोठून आणायचा? पुस्तकाच्या विक्रीतून तिकिटापुरता जमला. राहण्याजेवण्याची सोय त्यांनी कष्ट करून मिळवायची ठरवली. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या ख्रिस्ती भगिनींचा मठ होता. त्यांची एक शाखा पुण्यास होती. तिकडे येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे आणि त्या बदल्यात तेथे राहावे, असा करार झाला. फुकटचा आश्रय घ्यायचा नाही, हा त्यांचा बाणा पहिल्यापासूनच होता.

१८८३ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून आगबोट सुटली. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण. सहा महिन्यांच्या रमेला पेटाऱ्यातून डोंगराखाली आणणारी आई आणि दोन वर्षांच्या मनोरमेला समुद्रापार नेणारी आई, दोघींची जात एकच. मूल आहे म्हणून वाट सोडायची नाही, आणि वाट चालायची म्हणून मूल टाकायचे नाही.

योगायोग असा, की त्याच एप्रिलमध्ये कलकत्त्याहून आणखी एक महाराष्ट्रीय स्त्री आगबोटीत बसली होती. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. वय अठरा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला होता. वेळीच नीट उपचार मिळाले नाहीत, हे दुःख त्यांच्या मनात घर करून राहिले, आणि त्यातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. एकीची कूस रिती होती, दुसरीची कड भरलेली होती. दोघींच्याही शिकण्यामागे मातृत्वच होते. शिक्षण आणि आईपण यांचे जन्माचे वैर आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इंग्लंडात रमाबाईंचे पहिले वर्ष फार कठीण गेले. पोचल्यानंतर काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांचे मन ढळले आणि त्यांनी आपल्या जीवाचा शेवट करून घेतला. मराठीत दोन शब्द बोलायला होते ते एकच माणूस गेले. परक्या मुलखात त्या मायलेकी दोघीच उरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. मायदेशीची पुष्कळ दारे त्यामुळे त्यांना बंद झाली, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्यातच आणखी एक घाव बसला. रमाबाईंना ऐकू कमी येत असे आणि ते वाढत चालले होते. रुग्णाची छाती तपासायची, व्याख्याने ऐकायची, तर कान तीक्ष्ण हवेत. वैद्यकीचा विचार सोडून द्यावा लागला. ज्यासाठी देश सोडला, समुद्र ओलांडला, तेच हातचे गेले. अशा वेळी पुष्कळ जणी परत फिरल्या असत्या. रमाबाईंनी मनाशी विचार केला की डॉक्टर होता येत नाही, तर शिक्षिका होऊ. १८८४ साली त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात दाखल झाल्या. डोरोथिया बील या नामांकित बाई तेथे मुख्य होत्या. रमाबाई गणित, सृष्टिशास्त्र, इंग्रजी आणि ग्रीक शिकत, आणि त्याच कॉलेजात संस्कृत शिकवीत. विद्यार्थिनी आणि शिक्षिका अशी दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती.

आणि मनोरमा? येथेच या चरित्रातला खरा पेच आहे. आई चेल्टनहॅमला असताना मुलगी बराच काळ वाँटेजला भगिनींच्या स्वाधीन असे. भगिनींनी तिचे लाड केले, आजारपणे काढली, तिला माया लावली. हे ऋण रमाबाईंनी कधी नाकारले नाही. त्या हातांवाचून रमाबाईंना कॉलेजचे तोंडही दिसले नसते. पण हळूहळू सांभाळणाऱ्यांना वाटू लागले, की मूल आपण वाढवतो तर ते आपल्या मताने वाढावे. तिला धर्मातली कोणती मते शिकवावीत, कोणाच्या वळणाने ती मोठी व्हावी, तिने कोठे राहावे, यांवरून पत्रापत्री सुरू झाली. रमाबाई स्वतंत्र बुद्धीच्या. नवा धर्म घेतला तरी प्रत्येक गोष्ट तपासून घेण्याचा त्यांचा स्वभाव गेला नव्हता. जी मते आपल्याला स्वतःला पटलेली नाहीत, ती आपल्या पाचसहा वर्षांच्या लेकीच्या माथी मारू नयेत, असा त्यांचा आग्रह. भगिनींना तो कृतघ्नपणा वाटे. हा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. शिकत्या वयाच्या प्रत्येक आईने तो वाचावा असा आहे.

वाचताना दोन्ही बाजूंचे दुःख कळते. मूल सांभाळणारी बाई काही दगडाची नसते. तिचाही जीव गुंततो. पण मूल सांभाळायला दिले म्हणजे मुलावरचा हक्क दिला, असे नव्हे. रमाबाई त्या घराच्या आश्रित होत्या, परदेशी होत्या, एकट्या होत्या. तरी या एका बाबतीत त्या तसूभरही हटल्या नाहीत. आज आपल्या घरांतही असेच घडत नाही का? सासू किंवा आई नातवंड सांभाळते, मोठेच उपकार करते. पण मग पोराला काय भरवायचे, काय घालायचे, कोणत्या शाळेत घालायचे, याचा निकाल तीच देऊ लागते, आणि दिवसभर राबून आलेली आई आपल्याच लेकराच्या बाबतीत परकी ठरते. कधीकधी तर मुलगी या भीतीपोटीच शिक्षण अर्धवट सोडून घरी बसते. आपण मदत करतो खरी, पण तिची काय किंमत वसूल करतो, याचा विचार आपल्यासारख्या वयाने मोठ्या बायकांनी करायला हवा.

१८८६ च्या आरंभी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजच्या प्रमुख डॉक्टर रेचेल बॉडली यांचे आमंत्रण आले. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ होता, आणि त्या रमाबाईंच्या नात्यातल्याच. भर हिवाळ्यात मनोरमेला घेऊन रमाबाई अमेरिकेला निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा रमाबाई सभागृहात हजर होत्या. स्वतःला जे साधले नाही ते दुसरीला साधलेले पाहताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई क्षयाने पुण्यात वारल्या.

रमाबाई थोड्या दिवसांसाठी गेल्या होत्या, त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. लहान मुलाला छडीच्या धाकाने घोकायला न लावता खेळातून, हातच्या कामातून, रंग आणि आकार ओळखवून शिकवायचे, ही ती पद्धत. आईच्या मांडीवर शिकलेल्या आणि स्वतः एका लहान मुलीची आई असलेल्या बाईला ती मनापासून पटली. आपल्या देशात लहान मुलांना असेच शिकवले पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि मराठीतून बालवाचने तयार करण्याची खटपटही चालवली. डॉक्टर होण्यासाठी निघालेल्या रमाबाईंच्या हाती शेवटी हे ज्ञान आले, आणि पुढच्या कामात त्याचा उपयोगही झाला. शिकण्याची वाट वळली म्हणून ती चुकली असे नसते.

मात्र त्याची किंमतही मोजावी लागली. गावोगाव व्याख्याने देत हिंडायचे, आगगाडीत रात्री काढायच्या, त्यात पाच वर्षांचे मूल कसे फरफटत न्यायचे? मनोरमेला पुन्हा इंग्लंडला वाँटेजकडे धाडावे लागले. मधे अटलांटिक महासागर. रमाबाई तिला पत्रे लिहीत. पाहिलेल्या गावांची, माणसांची, गमतीजमतीची वर्णने लहान मुलीला समजतील अशा भाषेत करीत. पत्रातून आईपण पुरे पडत नाही, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण आपण जमवतो आहोत तो पैसा हजारो निराधार मुलींच्या शाळेसाठी आहे, या विचाराने त्या मन घट्ट करीत. हे सोपे होते असे कोणी समजू नये, आणि प्रत्येकीने असेच करावे असेही नव्हे.

१८८७ साली त्यांचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. वर्षभरात त्याच्या हजारो प्रती खपल्या. त्याच डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे त्यांनी कबूल केले. १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून, जपानवरून, रमाबाई १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईस परतल्या. सारी पृथ्वीप्रदक्षिणा झाली. अमेरिकेतल्या लोकस्थितीवर आणि प्रवासावर त्यांनी लिहिलेले मराठी पुस्तक त्याच साली प्रसिद्ध झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. काशीबाई कानिटकर त्या सभेच्या अध्यक्ष होत्या. आरंभी विद्यार्थिनी दोन. त्यांत एक गोदूबाई नावाची तरुण विधवा होती. याच गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा करणाऱ्या बाया कर्वे म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. एका सदनातून दुसऱ्या सदनाला कशी वात लागते, त्याचे हे उदाहरण. शारदा सदनात नुसती शाळा नव्हती. राहणे, जेवणे, शिकणे सारे एका छपराखाली होते. शिकणाऱ्या बाईला आधी छप्पर आणि दोन घास हवेत, मग पुस्तक, हे वाँटेजच्या अनुभवातून रमाबाई पुरते जाणून होत्या.

सदन पुढे पुण्यास आले. तेथे १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठा वाद झाला. रानडे, भांडारकर यांनी अंग काढून घेतले, पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. तरी काम थांबले नाही. १८९६-९७ चा भयंकर दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई आपल्या मध्यप्रांतात आल्या. ज्या प्रांताची नागपूर ही राजधानी होती, त्याच प्रांतातील दुष्काळी मुलखात त्या फिरल्या. उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया त्यांनी वाचवून नेल्या. स्वतः लहानपणी दुष्काळात आईवडील गमावलेली बाई ती. तिला त्या भुकेची ओळख कोणी करून द्यायला नको होती. केडगाव येथे मुक्तिसदन वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दोन हजारांच्या घरात माणसे राहत. तरुण विधवा, अनाथ मुली, लहान पोरे, आंधळ्या, म्हाताऱ्या सगळ्याच. कोणी विणकाम शिके, कोणी शेती, कोणी छापखान्यात खिळे जुळवी, कोणी शिक्षिका होई.

मनोरमाही मोठी झाली. तिनेही परदेशात शिक्षण घेतले आणि परत येऊन आईच्या कामाला खांदा दिला. शाळा पाहिली, संस्थेचा कारभार पाहिला, गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली. लहानपणी ज्या मुलीला आईची शिकवणी संपेपर्यंत वाट पाहावी लागली, तीच पुढे आईचा उजवा हात झाली. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती आईच्या आधी गेली. तो घाव रमाबाईंनी शांतपणे सोसला, पण त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

ज्या वर्षी मनोरमा गेली, त्याच १९२१ साली आपल्या नागपुरात कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोन परिचारिकांनी मातृ सेवा संघाची स्थापना केली. बाळंतिणीला स्वच्छ खाट, शिकलेली सुईण आणि मायेचा हात मिळावा म्हणून. हंटर कमिशनपुढे रमाबाईंनी जे मागितले होते, ते नागपूरच्या स्त्रियांनी आपल्या हातांनी असे उभे केले. पुढे १९६१ साली प्रसूतीच्या रजेचा कायदा झाला, २०१७ साली ती रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली. रमाबाईंच्या काळी यातले काही नव्हते. पण रजा सरली आणि मूल सहासात महिन्यांचे झाले की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. रात्रपाळीला गेलेल्या आईचे मूल रात्री कोणाजवळ निजणार? परीक्षेच्या दिवशी त्याला ताप आला तर कोण पाहणार? कायदा दारापर्यंत येतो. घराच्या आतले काम घरातल्या आणि शेजारच्या माणसांनीच करायचे असते.

रमाबाईंच्या चरित्राने या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत दिलेले नाही. एवढे मात्र दिसते की त्यांना शिकता आले, कारण मूल धरणारे दुसरे हात मिळाले. आणि त्यांना सर्वांत जास्त यातना झाल्या, कारण त्या हातांनी मुलावर हक्क सांगितला. म्हणजे मदत तर हवीच, पण ती अट न घालता हवी.

तेव्हा भगिनींनो, या वर्धापनदिनी आपण काय करू शकतो? आपल्यात निवृत्त शिक्षिका आहेत, घरची जबाबदारी हलकी झालेल्या आज्या आहेत, रिकाम्या दुपारी आहेत. आपापल्या वस्तीत शिकणारी एखादी नवी आई असेल, तर तिच्या परीक्षेच्या महिन्यात, तिच्या रात्रपाळीच्या आठवड्यात, चार जणींनी पाळी वाटून मूल सांभाळावे. डबा द्यावा, धुणे वाळत घालावे. आणि मूल संध्याकाळी तिच्या हाती देताना त्याबरोबर सल्ल्यांचे गाठोडे देऊ नये. मुलाला काय म्हणायचे, कसे वाढवायचे, हे तिचे तिने ठरवावे. पंडितांच्या सभेत पदव्या मिळवणारी रमाबाई सर्वांना होता येणार नाही. पण एखाद्या रमाबाईची मनोरमा चार तास मांडीवर घेणे आपल्यापैकी प्रत्येकीला साधेल.